नावडती पाच गाणी आणि अडीच एकर रोवणा

रोवण्याच्या आदल्या दिवशी मी पेन ड्राइव्हमधून पाच गाणी पुसून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की बाया नेमक्या त्याच पाच गाण्यांवर धान रोवतात.

चूक एवढीच. एका वाक्यात मावते. पण ती निस्तरायला मला एक अख्खा दिवस, एक पायजमा आणि माझा सगळा आवाज लागला. आवाज चार दिवसांनी परत आला. पायजमा आला नाही.

लाखनीला हायवेवर माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, फुटलेल्या काचा आणि गाणी भरून देणे. आजच्या काळात गाणी भरून घ्यायला कोण येतं, असं शहरातले पाहुणे मला हसत विचारतात. ट्रकवाले येतात. ट्रॅक्टरवाले येतात. वरातीचा बाजा घेऊन फिरणारे येतात. जंगलपट्टीत शिरलं की नेटवर्क जातं, पेन ड्राइव्ह कुठं जात नाही. आणि माझ्याकडून गाणी भरून घेणाऱ्याला, तो कुठल्याही राज्याचा असो, त्याने मागितलेल्या गाण्यांत मिसळून आमच्या गायिकेची दहा गाणी फुकट मिळतात. पंजाबकडचा एक ड्रायव्हर मला परतीच्या खेपेला म्हणाला होता, "भाईसाब, समझ में कुछ नहीं आता, पर नींद नहीं आती." मी ते कौतुक समजून घेतलं.

आमची गायिका म्हणजे पवनी तालुक्यातली, कोंढ्याच्या बाजूची पोरगी. स्वतः लिहिते, स्वतः चाल बांधते, स्वतः गाते. पहिल्यांदा तिचं गाणं मी ऐकलं ते दुरुस्तीला आलेल्या एका मोबाइलमध्ये. गुरांच्या कोठ्यात उभं राहून कुणीतरी केलेला व्हिडिओ होता. मागे म्हैस रवंथ करत होती आणि ही तलावातल्या कमळांबद्दल गात होती. मोबाइल दहा मिनिटांत दुरुस्त झाला होता. मी तो गिऱ्हाइकाला तीन दिवसांनी दिला. "मोठा बिघाड आहे," म्हणालो. बिघाड माझ्यात झाला होता, हे त्याला कसं सांगणार?

तेव्हापासून मी तिचा भक्त. एका लग्नात ती गाणार असं कळलं म्हणून मी बिनबोलावता गेलो. वधूपित्याने विचारलं तेव्हा मी वरपक्षाचा झालो, वरपित्याने विचारलं तेव्हा वधूपक्षाचा, आणि शेवटी दोघं एकत्र आले तेव्हा मी केटररचा माणूस झालो. तिची दोन गाणी मी पंगतीत भात वाढत ऐकली. सुरेख गायली. भात कमी पडला नाही.

तर असा भक्त मी. तिची एकंदर एक्केचाळीस गाणी. छत्तीस माझ्या काळजाची. उरलेली पाच मला अजिबात आवडत नव्हती.

आता खरा भक्त कोण? सगळंच गोड मानून घेतो तो नव्हे, असं माझं मत होतं. खऱ्या भक्ताला दुखतं. एवढी गुणी पोरगी आणि असलं काहीतरी का करते, याने तो रात्रंदिवस कुढतो. मी कुढायचो. गिऱ्हाईक समोर उभं ठेवून कुढायचो. त्या पाचही गाण्यांचा मी सखोल अभ्यास केला होता. शत्रूला पूर्ण ओळखावं म्हणून प्रत्येक गाणं पन्नास-साठ वेळा ऐकलं होतं. ऐकलं कसलं, सोसलं होतं.

पहिलं, वांग्याचं गाणं. एक वांगं आहे आणि ते कुणाबरोबर शिजायला तयार नाही. आलूबरोबर नाही, वालाच्या शेंगांबरोबर नाही, बोंबलाबरोबर तर नाहीच. चार कडव्यांत चार भाज्यांचा अपमान होतो आणि गाणं संपतं. दुसरं, पाण्याच्या मोटारीचं. मोटार सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते, आणि ही बया तोंडाने मोटारीचा आवाज काढते. तिसरं, बकरीनं राशन कार्ड खाल्ल्याचं. चौथं, मंडईला आलेल्या जावयाचं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि घरोघरी पाहुणे येतात. या गाण्यातला जावई येतो, आणि होळी आली तरी जात नाही. पाचवं, बस सुटलेल्या बाईचं. त्यात लाखनीपासून पवनीपर्यंतच्या थांब्यांची नावं आहेत, आणि दुसरं काही नाही.

विषयांचं एक वेळ सोडून देऊ. माझा मुख्य आक्षेप चालीवर होता. पाचही गाण्यांत एकच ओळ ती चार-चार वेळा म्हणते. बरं, चार वेळा म्हटली तर म्हटली, त्यानंतर ती चक्क थांबते. काही नाही. ढोलकीची एक थाप, आणि मग मोकळी जागा. मग पुन्हा ओळ. माझ्या दुकानात चहा द्यायला येणाऱ्या हॉटेलवाल्याला मी हे एकदा तपशिलात समजावलं होतं. "ही जागा पाहा," मी म्हणालो, "इथं बासरी भरता आली असती. रिकामी सोडली. आळस आहे हा." हॉटेलवाला म्हणाला, "खाली कप द्या."

शेवटी मी दुकानात पाटी लावली. सुवाच्य अक्षरात. ‘येथे सदर गायिकेची खालील पाच गाणी भरून मिळणार नाहीत.’ खाली पाच गाणी, आणि सर्वांत खाली, ‘कृपया आग्रह करू नये.’ लोक पाटी वाचत, आणि जी गाणी त्यांना माहीत नव्हती तीही मागू लागत. असो.

हे झालं माझं दुकान. शेती मात्र आमच्याकडे बायकोची. म्हणजे सात-बारावर माझंही नाव आहे, पण तिकडचा कारभार तिचा. धानाची जात ती ठरवते, ट्रॅक्टर ती सांगते, बाया ती बोलावते. मला वर्षातून एकदा, रोवण्याच्या दिवशी, एकच काम असतं: डब्बा वाजवणं. डब्बा म्हणजे चाकं लावलेला, दिवे लुकलुकणारा तो मोठा स्पीकर. अलीकडे रोवणाऱ्या बायांचा गट ठरवताना मजुरीच्या आधी विचारतो, "डब्बा हाय ना?" डब्बा नसेल त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाय टाकायला बाया कां-कूं करतात.

त्या वर्षी आमचा रोवणा रखडला होता. आधी पाणी वेळेवर आलं नाही, मग ट्रॅक्टर. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून वाढून वाकायला लागली होती. जून झालेलं पऱ्हे रोवलं की त्याला फुटवे कमी येतात, हे मलासुद्धा माहीत आहे. बायकोने कुठून कुठून फोन करून कोंढ्याकडचा चोवीस बायांचा एक गट मिळवला. गटाच्या म्होरक्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं: एकच दिवस. दुसऱ्या दिवशीपासून त्या मोहाडीकडे जाणार, ते दहा-बारा दिवस इकडे फिरकणार नाहीत. अडीच एकर एका दिवसात झालं तर झालं. नाही तर उरलेली बांधी आणि उरलेलं पऱ्हे घेऊन बसा.

आदल्या दिवशी बायको मला दुकानात येऊन सांगून गेली, "उद्या फक्त डब्बा नीट वाजवा जी. बाकी मी पाहून घेतो."

आता ‘नीट’ या शब्दाचा मी जो अर्थ घेतला त्यातून पुढचं सगळं झालं. मी ठरवलं की कोंढ्याकडच्या बाया आहेत, गायिकेच्या गावाकडच्या, त्यांना तिचं अस्सल तेवढंच ऐकवायचं. पेन ड्राइव्ह लावला. एक्केचाळीस गाणी होती. पाच निवडली आणि पुसली. मोबाइलमध्ये होती, तिथूनही पुसली. पुसताना मला एक उदात्त भावना झाल्याचं आठवतं.

सकाळी सातला टेम्पो आला. चोवीस बाया उतरल्या, लुगडी खोचली, पऱ्ह्यांच्या पेंड्या उचलल्या, रांग धरली. म्होरकी साठीच्या पुढची, काटक, कपाळावर गोंदण. सगळ्या तिला आजी म्हणत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाव गा बाबू."

मी लावलं. क्रमांक एक. तलावातल्या कमळांचं, जे ऐकून मी तीन दिवस मोबाइल दाबून ठेवला होता तेच. सुरुवातीला नुसती बासरी, मग तिचा तो खोल आवाज. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डोळे मिटून उभा राहिलो. डोळे उघडले तेव्हा अर्ध्या बाया कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या होत्या आणि आजी विचारत होती, "कोन मेलं का गा?"

"नाही आजी, हे गाणं आहे."

"गानं हाय हे दिसते. पन कोन मेलं?"

मी क्रमांक दोन लावलं. धुक्याचं. एका बाईने डोळ्याला पदर लावला. मला भरून आलं. मग कळलं, चिखल उडाला होता. क्रमांक तीनला रांग वाकडी झाली. क्रमांक चारला दोन बाया बोलत बसल्या, त्यांचं ऐकायला आणखी तीन थांबल्या. एक पुढे, एक मागे, एकीचं रोवून झालं तर दुसरी पेंडी सोडते आहे. रोवणं उलटं चालतं, वाकून रोवत मागे मागे सरकायचं, आणि रांगेने एकदम सरकायचं. इथं जिची तिची रांग झाली होती.

नऊ वाजले, दहा वाजले. बायको पेंड्या पोचवत फिरत होती. प्रत्येक फेरीला ती रोवलेल्या बांधीकडे पाही, मग न रोवलेल्या बांधीकडे पाही, मग सूर्याकडे. अकराच्या सुमाराला तिने सूर्याकडे पाहणं सोडलं आणि माझ्याकडे पाहायला लागली.

न्याहारीला बाया धुऱ्यावर बसल्या तेव्हा अडीच एकरातली एक लहानशी बांधी कशीबशी झाली होती. आजी भाकर मोडत म्हणाली, "बाबू, वांग्याचं लाव."

"ते नाही आहे, आजी."

"मंग बकरीचं लाव."

"तेही नाही."

"मोटारीचं? जवायाचं?"

मी मान हलवत गेलो. आजीचा घास हातात थांबला. "साऱ्या दुनियेच्या डब्ब्यात हाय. तुह्याच डब्ब्यात काहून नाई?"

बायको पाण्याची गुंडी घेऊन उभी होती. तिने गुंडी खाली ठेवली. "काय केलं जी तुमी?"

"पुसले."

"काहून?"

"दर्जा नव्हता त्याइले."

"अन् तुमाले हाय का?"

चोवीस बाया हसल्या. बायको हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या ह्या बाया मोहाडीले चालल्या. माहं पऱ्हे तसंच राह्यन. तुमी त्याइले दर्जा वाटत बसा."

तिचा आवाज चढला असता तर मला उलट बोलता आलं असतं. तो चढला नाही, म्हणून मी घाबरलो. अठरा वर्षांच्या संसारात ती माझ्या दुकानात कधी लुडबुडली नाही, आणि शेतात वर्षाकाठी एका दिवसासाठी मला हाक मारते. तो दिवस मी असा केला होता.

उपाय शोधायला लागलो. लाखनीला जाऊन गाणी आणायची तर मोटारसायकल नव्हती. ट्रॅक्टरवाल्याचा डिझेलचा पाइप फुटला होता, तो माझीच गाडी घेऊन गेला होता. टेम्पोवाला दुसऱ्या खेपेला गेलेला. बाया चिखलात मोबाइल आणत नाहीत. आजीजवळ होता तो बटनांचा, त्यात फक्त घंटी वाजते. आमच्या बांधीत नेटवर्क नसतं. मात्र धुऱ्यावर एक आंब्याचं झाड आहे, तिथं थोडंसं येतं, हे मला माहीत होतं, कारण बायको तिथून मला फोन करते. म्हणजे झाडाखालून करते, असं मी समजत होतो. खाली नेटवर्कची एकही दांडी आली नाही तेव्हा कळलं, ती दुसऱ्या फांदीवर चढून करते.

सेहेचाळीस वर्षांचा, चष्मा लावणारा, बसून बसून पोट सुटलेला माणूस झाडावर चढताना पाहून बायांची न्याहारी आनंदात झाली. फांदीवर पोचलो. एक दांडी आली. वांग्याचं गाणं शोधलं, उतरवायला लावलं. ते गोल फिरायला लागलं. ते फिरत असताना लाल मुंग्यांना माझा पत्ता लागला. आंब्यावरच्या लाल मुंग्या पानं शिवून घर करतात, आणि मी नेमका त्यांच्या छपरावर बसलो होतो. एका हाताने मोबाइल, एका हाताने फांदी. खाजवायला तिसरा हात देवाने दिलेला नाही.

खाली न्याहारी संपली होती. आजी म्हणाली, "चाला वं. डब्बा नाई त नाई. तोंडानं म्हना." आणि बायांनी वांग्याचं गाणं सुरू केलं.

पहिलं कडवं झोकात झालं. रांग सरळ झाली. मी वरून पाहत होतो, बायको पेंड्या घेऊन पळत होती, सगळं ठीक होणार असं वाटलं. मग दुसरं कडवं आलं आणि घोटाळा झाला. अर्ध्या बायांनी वालाच्या शेंगा म्हटल्या, अर्ध्यांनी सरळ बोंबील. एकीने मोटारीच्या गाण्यातली ओळ घातली. रांग पुन्हा मोडली. "तसं नाई वं!" "तसंच हाय!" "तू राह्य बाप्पा चूप!" वाद पेटला.

आणि मला राहवलं नाही. चुकीचे शब्द मला सोसत नाहीत, मग गाणं कितीही टाकाऊ असो. मी फांदीवरून ओरडलो, "दुसऱ्या कडव्यात वाल! बोंबील तिसऱ्यात! आणि वाल रुसत नाही, वाल हसतो! वांगं रुसतं!"

चोवीस चेहरे वर झाले. आजीने डोळ्यांवर हात धरून झाडाकडे पाहिलं.

"अन् चौथं?"

मी चौथं सांगितलं.

"बकरीचं येते?"

"येते."

"सारं?"

"पाचही येतात," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमान आला होता, तो मी आवरायला हवा होता.

"मंग त्या झाडावर काय अंडे देऊन राहिला?" आजी म्हणाली. "उतर अन् म्हन."

मी बायकोकडे पाहिलं. तिने पेंडी तशीच हातात धरून मान एकदाच हलवली. ती मान ‘म्हणा’ अशी होती. अठरा वर्षांत तिने मला गायला सांगितलेलं नाही. एकदा देवघरात आरती म्हणत होतो तर तिने दार लावून घेतलं होतं.

उतरलो. गाणं अजून गोल फिरतच होतं, ते तसंच सोडून धुऱ्यावर उभा राहिलो. घसा खाकरला आणि वांग्याला हात घातला. माझा आवाज कसा आहे ते सांगतो: पाण्याच्या मोटारीच्या गाण्यात मला वेगळी मेहनत घ्यावी लागली नाही. पण शब्द पक्के. पहिली ओळ चार वेळा म्हटली आणि लगेच दुसरी उचलली.

"थांब!" आजी ओरडली. दोन बाया तोल जाऊन एकमेकींवर आल्या होत्या. "मधात जागा हाय ना तिथं! जागा सोड!"

"आजी, ती जागा म्हणजे तिचा आळस—"

"पाय कुठी काढू मंग? तुह्या डोक्शावर?"

मला समजलं नाही. आजीने मला बांधीत उतरवलं. पायजमा गुडघ्याच्या वर खोचून मी रांगेच्या टोकाला उभा राहिलो, आणि तिने एक पेंडी माझ्या हातात कोंबली. "रोव अन् म्हन."

चिखल आमच्याकडचा, पाय आत गेला की धरून ठेवतो. वाकलो. ओळ म्हटली, एक चूड, म्हणजे दोन-चार रोपांचा झुबका, रोवला. पुन्हा ओळ, दुसरा. तिसरा. चौथा. हात पोचेल तेवढं झालं. आणि मग, ज्या जागी ढोलकीची एक थाप पडते आणि गाणं गप्प होतं, तिथं चोवीस बायांनी चोवीस पाय चिखलातून एकदम वर काढले. फच्च असा एक मोठा आवाज झाला. पाय मागे टेकले आणि ओळ पुन्हा सुरू झाली.

मी तिथंच वाकलेला राहिलो. पन्नास-साठ वेळा ऐकलेलं गाणं, आणि त्यात चिखल होता हे मला माहीतच नव्हतं. मी ज्या जागेत बासरी भरणार होतो तिथं बायांचा पाय निघत होता. चार वेळा तीच ओळ, कारण हाताच्या टप्प्यात चार चूड बसतात. पाचही गाणी तशीच. मोटार सुरू होते, होते, होते, होते, बंद पडते, पाय. बकरी खाते, खाते, खाते, खाते, गिळते, पाय. जावई काही जात नाही, पण रांग मागे जाते.

"हे तिला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवाले काय लागते? कालेजच्या सुट्टीत आमच्याच गटात रोवे ते," आजी वर न पाहता म्हणाली. "लई हळू रोवे. मांगं राहे. आमी शिव्या देवो. मंग तिनं हे वांगं काढलं, तवापासून रांगेत राहाले लागली. तू बोलू नको, पुढचं म्हन."

पुढचं म्हटलं. मग बकरीचं, मोटारीचं, मग बसचं. बसच्या गाण्यात प्रत्येक थांब्याला बाया माझ्या आधी नाव घेत आणि खिदळत, कारण चोवीसांपैकी निम्म्या बायांची त्या रस्त्यावर कधी ना कधी बस सुटलेली होती. एकीने तर तिच्या बसचा नंबर सांगितला. जावयाच्या गाण्यात आजीने स्वतःच्या जावयाचं एक कडवं जागच्या जागी जोडलं, ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. पाच संपली की पुन्हा वांगं. एकदा मागे सरकताना मी पेंड्यांच्या ढिगावर बसकण मारली, आणि उठेपर्यंत रांग माझ्यापासून आठ हात दूर गेली. लाजेने पण सुरात गात गात मी ती गाठली. दुपारी ट्रॅक्टरवाला माझी मोटारसायकल घेऊन परत आला. मी बायकोला म्हणालो, "आता जाऊन गाणी आणतो, अर्ध्या तासाचं काम." रांगेतून एक तरुण बाई ओरडली, "नोको जी! डब्बा रोज ऐकतो. हा तमाशा कुठी भेटते?"

बायको पेंड्या देत माझ्याजवळून गेली. तिच्या तोंडावर पदर होता. पदराआड ती हसत होती, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. नंतरच्या फेरीत तिने पाण्याचा लोटा आणून माझ्या तोंडाला लावला, कारण माझे हात चिखलाचे होते. "कडवं सोडू नका," ती म्हणाली. "दोन बांध्या राहिल्या."

वांग्याचं मी त्या दिवशी नेमकं किती वेळा गायलं ते माहीत नाही. उन्हं कलली तेव्हा आवाज गेलेला होता, फक्त हवा आणि शब्द निघत होते. बाया तेवढ्यावर रोवत होत्या. मी जागा सोडली की चोवीस पाय निघत. शेवटची बांधी, शेवटची रांग, शेवटची पेंडी. सूर्य आंब्याच्या त्या मुंग्यांच्या फांदीमागे गेला तेव्हा अडीच एकर हिरवं झालं होतं आणि बायकोच्या हातात एकही पेंडी उरली नव्हती. रिकाम्या हातांकडे ती थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने ते हात चिखलात बुडवले आणि रोवणा सरला की मालकाला चिखल फासतात ते काम स्वतः केलं. दोन्ही गालांना, नीट, चष्म्याच्या काचा सोडून. मागोमाग चोवीस बाया आल्या. त्यांनी काचाही सोडल्या नाहीत.

धुऱ्यावर बसून सगळ्यांनी बायकोने आणलेल्या वडे-पुऱ्या खाल्ल्या. टेम्पो यायला अवकाश होता. मला वाटलं, आता माझी पाळी. मी डब्ब्यापाशी गेलो आणि कुजबुजल्या आवाजात म्हणालो, "आजी, एक ऐका. सकाळचंच. आता ऐका." आणि क्रमांक एक लावलं.

बासरी सुरू झाली. या वेळी कुणी मेलं का असं कुणी विचारलं नाही. बाया पाय लांब करून बसल्या होत्या, चिखल वाळून पोटऱ्यांवर तडकत होता. कुणी वडा चघळत, कुणी दुसरीच्या खांद्याला टेकून. बायको माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, समोरच्या हिरव्या पाण्याकडे पाहत. गाणं संपलं तरी कुणी उठलं नाही. एका बाईने परत लावायला सांगितलं. मी परत लावलं.

मला राहवेना. सकाळचा सगळा अपमान धुऊन निघाल्यासारखं झालं होतं. उरलासुरला आवाज गोळा करून मी आजीला म्हणालो, "पाहा, मी म्हणत होतो ना! ही खरी गाणी. अशी छत्तीस आहेत."

आजी उठली. लुगडं सोडलं, झटकलं. लांबून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. माझ्या चिखलाने माखलेल्या तोंडाकडे तिने एकदा पाहून घेतलं.

"चांगलं हाय गा," ती म्हणाली. "पाच गाने पोरीनं काम करनाऱ्यायसाठी केले. अन् छत्तीस तुह्यासारख्या रिकाम्यायसाठी."